टाकीवर काळा फवारा

एकदा एका गुरूने आपल्या शिष्याला जवळ बोलावले आणि सांगितले, "जा, तुझी मोटारसायकल रंगवून आण."

जुन्या काळचे गुरू शिष्याला गाई राखायला पाठवीत, रानातून समिधा आणायला पाठवीत. आपल्या कथेतला गुरू मोटारींचा रंगारी होता, म्हणून त्याने मोटारसायकल सांगितली. विद्या द्यायची तर हाताशी जे असेल त्यातूनच द्यावी लागते, त्याला इलाज नाही.

या गुरूंना सारे गाव भैरूतात्या म्हणे. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. धडकून चेपलेली जीप असो की वरातीसाठी सजवायची मोटार असो, तात्यांच्या हातून बाहेर पडली की खुद्द मालकाला ती ओळखू येत नसे. शिष्याचे नाव सुकुमार चौगुले. तिशी ओलांडलेला, संसारी, कामाला वाघ. गेली कित्येक वर्षे तो तात्यांच्या हाताखाली होता. जुना रंग घासून काढायचा, खड्ड्यात पुट्टी भरायची, काचांवर कागद चिकटवायचा, हे सारे तो मन लावून करी. पुट्टी भरून झाली की तात्या येत, डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवीत, आणि हात जिथे अडेल तिथे खडूने गोल काढीत. सुकुमार त्या गोलांत पुन्हा पुट्टी भरी, पुन्हा घाशी. गोल संपले की त्याचे काम संपले. शेवटचा रंग द्यायची फवाऱ्याची गन मात्र तात्यांनी आजवर कुणाच्याही हाती दिली नव्हती. रोज संध्याकाळी ते ती स्वतः थिनरने धूत, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत आणि किल्ली कमरेला खोवून घरी जात.

त्या वर्षी डॉक्टरांनी तात्यांची छाती तपासली आणि रंगाचा वास कायमचा बंद करायला सांगितले. पुण्याच्या मुलाचा लगेच फोन आला. शेड भाड्याने देऊन टाकू, फ्लेक्स छापणारा एक जण जागा शोधतोच आहे, असे त्याचे म्हणणे. तात्या म्हणाले, "खंडेनवमीपतूर थांब. गन धरणारा घावला तर शेड ऱ्हाईल. न्हाई घावला तर तुझा फ्लेक्सवाला येऊ दे." आणि मग त्यांनी सुकुमारला बोलावून ती आज्ञा केली.

"रंगवतो की," सुकुमार म्हणाला. "उद्याच शेडमध्ये आणून लावतो."

"शेडमध्ये न्हाई. तुझ्या घरात. कॉम्प्रेसर न्यायचा न्हाई, गन न्यायची न्हाई. दुकानात दाबून फवारायचा डबा मिळतोय, त्येच्यावर भागव."

"घरात तसलं काम व्हतंय व्हय तात्या?"

"हितं रंग चांगला बसतोय, त्यात शेडचा वाटा हाय, माझाबी वाटा हाय. मला तुझा वाटा बघायचाय. खंडेनवमीला सकाळी येतो. गनची पूजा कुणी करायची ते तवा ठरवू."

सुकुमार घरी निघाला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. ती गन एकदा तरी आपल्या मुठीत यावी, ही त्याची इतक्या वर्षांची एकच इच्छा. आणि ती नाही आली, तर खंडेनवमीनंतर शेडही नाही आणि कामही नाही, हेही त्याला पक्के ठाऊक होते.

दुसऱ्याच दिवशी त्याने अंगणात खाट टाकली आणि मोटारसायकल सोडवायला घेतली. पेट्रोलची टाकी, दोन्ही मडगार्ड, बाजूचे पत्रे, एकेक करून खाटेवर आले. त्याची बायको त्रिशला ओसरीतून बघत होती.

"पुन्हा जोडायला येतंय नव्हं?" तिने विचारले.

"येतंय की!"

"न्हाई, इचारून ठेवलं. बाजाराला चालत जायला लागंल म्हणून."

जुना रंग निघाला तशी त्या गाडीची सारी कर्मकथा उघडी पडली. टाकीच्या डाव्या अंगाला उसाच्या ट्रॉलीने दिलेला पोचा, मडगार्डला गंजाची नक्षी, आणि झाकणाजवळ कोणे एके काळी पडलेल्या पान्याची खूण. सुकुमारने खड्ड्यांत पुट्टी भरली. जुन्या स्लिपरच्या तळाचा तुकडा कापून त्यावर पॉलिश पेपर गुंडाळला आणि सारे घासून सारखे केले. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायच्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने अंगणात पाण्याचा सडा घातला. जमीन ओली असली की धूळ उठत नाही, ही तात्यांची शिकवण. नवरा सडा घालतोय हे पाहून गल्लीतल्या बायकांची चांगली करमणूक झाली. एकीने तर उद्यापासून रांगोळीही त्यालाच सांग, असे त्रिशलाला बजावले.

प्रायमर मारला. ओला करडा थर उन्हात सुरेख दिसू लागला. इतक्यात शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली.

गिरणी बाळगोंडाअण्णांची. धूळ जमिनीवरून उठते तशी ती भिंतीवरूनही येते, हे सुकुमारच्या ध्यानात नव्हते. पट्टा फिरू लागला, जाळीच्या खिडकीतून पांढरा लोट निघाला आणि सावकाश खाली उतरून टाकीवर बसला. बघता बघता टाकीच्या अंगावर बारीक पुरळ उठले. थोड्या वेळाने बाळगोंडाअण्णा स्वतःच बघायला आले. भुवयांपर्यंत पिठाने माखलेला, मनाचा अत्यंत मोकळा गृहस्थ.

"वा! एक नंबर झालंय की सुकुमार!"

"अण्णा, तुमचं पीठ बसलंय त्येच्यावर."

अण्णांनी वाकून टाकी नीट न्याहाळली. "ज्वारीचं दिसतंय," ते म्हणाले आणि समाधानाने गिरणीत परतले.

सुकुमारने पुन्हा सारे घासले. आता परसातली पडवी त्याने मुक्रर केली. एका बाजूने उघडी, म्हणून वास कोंडणार नाही. पण गिरणीकडे पाठ. धुळीला अडवायचे कसे, यावर तो विचार करीत बसला असताना त्याची नजर माळ्यावरच्या गाठोड्यावर गेली. त्यात लग्नात सासूने दिलेली मोठी मच्छरदाणी होती.

"आईनं दिलेली मच्छरदाणी, आन् तिच्यात टाकी निजवणार व्हय तुमी?" त्रिशला म्हणाली.

"चार दिवस. धुऊन देतो."

"देते. पण रंग मी म्हणंल तो. माझ्या लग्नाच्या शालूचा मरून."

मरून म्हणजे गडद रंग. गडद रंगावर लाख चमक येते, पण त्यात बारीकसारीक खोडही लपत नाही. सुकुमारला ते ठाऊक होते. पण मच्छरदाणीची गरज मोठी होती, शिवाय शालूचा विषय निघाल्यावर नाही म्हणण्याइतका तो अननुभवी नव्हता. त्याने मान डोलावली.

मच्छरदाणीत मात्र काम झकास झाले. प्रायमरचा करडा थर कुठेही किडा-मुंगी, धूळ न चिकटता वाळला. सुकुमारने तो वॉटर पेपरने पाणी लावून हलका घासला आणि टाकी अंगणात आणून ठेवली. गल्ली लोटली. आपल्याकडे नव्या वस्तूला डोळ्यांनी पाहून कुणाचे भागत नाही. जो तो पुढे होऊन टाकीवरून हात फिरवी आणि "लोणी हाय, लोणी!" म्हणे. बाळगोंडाअण्णांनी तर "शेडमध्येबी असलं व्हत न्हाई, एक नंबर!" अशी द्वाही फिरवली. सुकुमारनेही डोळे मिटून, अगदी तात्यांसारखा तळहात फिरवून पाहिला. हात कुठेही अडला नाही. त्या रात्री त्याला अशी झोप लागली की विचारू नका.

सकाळी उठून तो आपण होऊन तात्यांना बोलावून आला. खंडेनवमीची वाट कशाला बघायची, आधीच एकदा दाखवू, असे त्याला वाटले. खरे सांगायचे तर गल्लीचे कौतुक ऐकून त्याला गुरूच्याही तोंडून दोन शब्द ऐकायची घाई झाली होती.

तात्या उन्हातून चालत आले. खाटेवरची करडी टाकी त्यांनी उभ्याउभ्या पाहिली. गल्लीतली मंडळी भोवती जमली होती. तात्यांनी डोळे मिटले नाहीत की हात फिरवला नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, तीतून फवाऱ्याचा एक डबा काढला, खडखड हलवला, आणि कुणाला काही कळायच्या आत टाकीपासून हातभर लांब धरून टाकीवर काळा रंग उडवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोण्यासारख्या करड्या टाकीवर काळ्या बारीक ठिपक्यांची राख पसरली.

"तात्या!" सुकुमार ओरडला.

"वाळू दे," तात्या म्हणाले. "मग पाणी लावून घास. काळं सगळं निघंपतूर मरूनचा डबा उघडायचा न्हाई."

एवढे बोलून ते ओसरीत बसले, त्रिशलाने दिलेला चहा शांतपणे प्याले, वर साखर कमी आहे म्हणून थोडी मागून घेतली, आणि निघून गेले. काळा डबा पायरीवरच राहिला. तात्या वस्तू विसरणाऱ्यांपैकी नव्हते, पण त्या क्षणी हे सुचायला सुकुमारचे डोके ठिकाणावर असायला हवे होते.

गल्ली गुपचूप पांगली. लोणी म्हणणारे सगळ्यांत आधी निघाले. सुकुमार खाटेच्या कडेला बसून राहिला. त्याला रडू येईल असे वाटत होते आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"चारचौघांत तोंडाला काळं फासतात ते ह्यालाच म्हणायचं," तो म्हणाला. "गन द्यायची नसंल तर सरळ सांगायचं हुतं. मी काय म्हातारा मरायची वाट बघालोय व्हय?"

"द्यायची नसती तर एवढ्या उन्हाचं चालत आलं नसतं," त्रिशला म्हणाली. "आन् मनात काय वाकडं असतं तर साखर मागून घेतली असती का? बघा तरी घासून."

"न्हाई घासत जा!"

तो तसाच बसला असताना दुपारी बाळगोंडाअण्णा गिरणीतून आले. सकाळचा प्रकार घडला तेव्हा ते दळणात होते, त्यांच्या कानावर काहीच आले नव्हते. त्यांनी टाकीकडे पाहिले, मान तिरकी करून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एक नंबर! ठिपक्याठिपक्याचं नवीन आलंय व्हय हे?"

सुकुमारने मान वर केली. "अण्णा, काल ती करडी हुती, तवा काय म्हणालासा?"

"एक नंबर म्हणालो."

"आन् तुमचं पीठ पडलं हुतं तवा?"

"तवाबी एक नंबरच की. चांगलं म्हणायला आपलं काय जातंय?"

हे त्यांनी इतक्या निर्मळ मनाने सांगितले की सुकुमारला त्यांच्यावर रागावता येईना. उलट त्याला हसू फुटले. सकाळपासून पहिल्यांदाच तो हसला. पण हसता हसता त्याच्या हेही लक्षात आले की ज्या कौतुकाच्या जोरावर आपण काल रात्री गाढ झोपलो, ते हेच कौतुक. त्याने उठून बादली भरली, स्लिपरचा तुकडा शोधला, वॉटर पेपर भिजवला आणि घासायला बसला.

काळे सहज निघू लागले. टाकीचा माथा करडा झाला, उजवे अंग करडे झाले. सुकुमारचा हात वेग घेऊ लागला. मग झाकणाजवळ काळी कोर राहिली. त्याने तिथे आणखी घासले. आजूबाजूचा करडा थर पातळ झाला, कोर तशीच. डाव्या अंगाला, गुडघा टेकतो तिथे, चांगला रुपयाएवढा काळा डाग राहिला. खाली एक केसासारखी काळी रेघ दिसू लागली, जणू कुणी पेनाने ओढली असावी. स्लिपर तिच्यावरून जात होता आणि तिला शिवत नव्हता.

सुकुमारने स्लिपर बाजूला ठेवला आणि पेपर बोटाच्या टोकावर घेतला. रुपयाएवढ्या डागात बोट घालून घासताच काळे झटकन निघाले. त्याला बरे वाटले. आता कोरीकडे वळायचे, मग रेघेकडे, की आटोपलेच. काळे सगळे निघाले की रंग द्यायचा, असेच तात्या म्हणाले होते. त्यांच्या शब्दाबाहेर आपण जात नव्हतो.

बोट कोरीवर ठेवले आणि तो थबकला. रुपयाएवढा डाग निघाला खरा, पण बोट तिथे आत गेले म्हणून निघाला. स्लिपर सपाट, तो खड्ड्यावरून नुसता पलीकडे गेला होता. काळे गेले, खड्डा तिथेच होता. काल गल्लीने हात फिरवला तेव्हाही होता, त्याने स्वतः डोळे मिटून हात फिरवला तेव्हाही होता. उद्या त्यावर मरून चढेल, चमक चढेल, आणि संध्याकाळचे तिरके ऊन पडले की तिथे पाण्यात दगड पडल्यासारखे हलेल. आता त्या खड्ड्याची खूण फक्त एकाच ठिकाणी उरली होती, त्याच्या डोक्यात. तीही त्याने पुसून टाकली असती तर कुणाला कळले असते?

आणि मग त्याला शेडमधले खडूचे गोल आठवले. इतकी वर्षे आपण बिनचूक काम करतो असे तो समजत होता. बिनचूक होते ते तात्यांचे गोल. आपण फक्त दाखवलेल्या जागी पुट्टी भरत आलो. दाखवणारा समोर नसताना आपला हात एवढ्या मोठ्या खड्ड्यावरून लोण्यासारखा निघून गेला. त्याला फार लाज वाटली, आणि त्याचबरोबर छातीवरचे कसले तरी ओझे उतरल्यासारखेही वाटले.

त्याने कोर सोडून दिली, रेघ सोडून दिली. हात पुसले, पुट्टी कालवली, तिन्ही ठिकाणी भरली. वाळल्यावर घासून पुन्हा प्रायमर मारला. आणि तो सुकल्यावर टाकी भर अंगणात आणून, पायरीवरचा काळा डबा उचलून, गल्लीदेखत स्वतःच्या हाताने टाकीवर फवारा मारला.

"आता ह्येनंबी सुरू केलं," समोरची म्हातारी म्हणाली.

"करू दे," त्रिशला म्हणाली. "येडा झाल्याबिगर चमक येत न्हाई म्हणं."

त्या वेळी काळे अजून दोन ठिकाणी राहिले. पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर, पुन्हा काळे. अखेर एका सकाळी स्लिपर फिरत गेला, काळे पाणी ओघळत गेले, आणि टाकीवर शोधूनही ठिपका सापडेना. त्या पहिल्या खड्ड्यानंतर बोट त्याने एकदाही लावले नाही.

मग मच्छरदाणीत मरून चढू लागला. पहिला हात त्याने इतका हलका दिला की खालचा करडा दिसतच राहिला. एका दमात झाकायला गेले की रंग ओघळतो, हे तर तो शेडमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहत आला होता. हात द्यायचा, थांबायचे, पुन्हा द्यायचा. घरातल्या मंडळींना त्याने पडवीत यायची बंदी केली. वाळला का म्हणून बोट लावून बघायची सवय आपल्या लोकांच्या रक्तात आहे, आणि बोट लावणारा नेहमी घरचाच निघतो. मरून भरला तेव्हा त्रिशला जाळीबाहेरून बघून म्हणाली, "शालूपेक्षाबी बरा दिसतोय." शेवटी त्यावर पारदर्शक लॅकर चढले आणि टाकी पाण्यातून काढल्यासारखी झाली. टाकीच्या पोटाखाली शेवटचा हात फिरवताना मात्र सुकुमारला जरासा श्वास लागला आणि हात तिथे क्षणभर रेंगाळला.

खंडेनवमीच्या सकाळी जोडलेली मोटारसायकल अंगणात उभी होती. तिच्यात गिरणीची भिंत, समोरची तुळस आणि जमलेल्या साऱ्यांचे चेहरे दिसत होते. झेंडूची माळ त्रिशलाने हातातच धरून ठेवली होती. देठ लागून ओरखडा उमटेल म्हणून ती माळ घालू देत नव्हती. तात्या आले. त्यांनी धोतराला हात पुसले, डोळे मिटले आणि टाकीवरून तळहात फिरवला. या बाजूने, त्या बाजूने, झाकणाभोवती, गुडघ्याच्या जागी. हात कुठेही अडला नाही.

तात्यांनी डोळे उघडले. "खोड कुठं हाय?" त्यांनी विचारले.

"खोड?" बाळगोंडाअण्णा मधेच म्हणाले. "असली टाकी ह्या गावात झाली न्हाई तात्या! खोड कसली काढतासा?"

"मी काढत न्हाई. ह्येला इचारतोय."

सुकुमार टाकीपाशी आला. एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. गुरूचा हात अडला नव्हता, गल्लीची वाहवा चालू होती, आणि फडक्यात गुंडाळलेली गन तात्यांच्या पिशवीतून डोकावत होती. त्याने एकदा त्रिशलाकडे पाहिले. मग तो गुडघ्यावर बसला, तात्यांचे बोट धरले आणि टाकीच्या पोटाखाली, सीटच्या आडोशाला नेऊन टेकवले.

"हितं," तो म्हणाला. "शेवटचा हात देताना थांबलो जरा. ओघळ आलाय. लॅकर अजून कच्चं हाय, आज घासलं तर उपटंल, म्हणून ठेवलाय. टणक झालं की घासून पॉलिश करतो."

तात्यांनी बोट मागेपुढे केले. गव्हाच्या दाण्याएवढा तो ओघळ होता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेले.

"मला घावला नसता," ते म्हणाले. मग ओसरीच्या पायरीवर बसले आणि सुकुमारला शेजारी बसवून घेतले. "एक सांग. काळं घासताना बोट लावलंस का कुठं?"

सुकुमार लाजला. "एका ठिकाणी लावलं."

"सगळेच लावत्यात. मीबी लावलं हुतं माझ्या वक्ताला. एका ठिकाणी लावून थांबणारा मला पायजे हुता." तात्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "सुकुमार, तू घासतोस चांगलं, भरतोस चांगलं, त्येचा मला कवाच संशय न्हवता. पर तू भरलंस ते माझं गोल भरलंस. हात लबाड असतोय लेका. दुसऱ्याच्या कामावर फिरवला की खरं बोलतोय, आपल्या कामावर फिरवला की लाड करतोय. माझाबी करतोय. म्हणून माझ्या स्वतःच्या कामावर मी काळं मारत आलोय, रोज सकाळी, तुमी पोरं यायच्या आधी. लोक चांगलं म्हणत्यात ते ऐकावं, त्यास्नी चहा पाजावा, आन् ती गेली की डबा हलवावा. चमक काय झाकत न्हाई. चमक खालचं हाय तेवढं सगळं दाखवती. आता तुला माझा खडू नको."

त्यांनी फडके सोडले आणि गन सुकुमारच्या हातात ठेवली. त्याला वाटले होते त्यापेक्षा ती हलकी होती. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा हात लावताना त्याला कशाचेच भान उरले नाही. त्रिशलाने हळदकुंकवाचे ताट पुढे केले. सुकुमारने गनला कुंकू लावले, फूल वाहिले आणि तात्यांच्या पायांवर डोके ठेवले. शेडचे काय करायचे हे पुण्याच्या मुलाला त्याच दुपारी कळले.

मंडळी प्रसाद घेऊन निघू लागली, तेव्हा एकेक जण मोटारसायकलपाशी थांबून खाली वाकून तो ओघळ बघून जात होता. सुकुमार कुणालाच अडवीत नव्हता, उलट दिसत नसेल त्याला बोट धरून दाखवीत होता.

आपणही प्रत्येक जण घरात बसून काही ना काही रंगवीत असतो, आणि चांगले म्हणणारे शेजारी आपल्यालाही असतातच. त्यांचे ऐकून झाले की आपल्या कामावर आपणच थोडे काळे टाकून बघावे, आणि जिथे ठिपका राहील तिथे निदान बोट घालून तो पुसू नये.